शंकूची छाया आणि पडद्यावरील आलेख



या स्मृतिव्याख्यानासाठी मी आकड्यांच्या चित्राचा इतिहास निवडला, तेव्हा काहींना तो केवळ संगणकवाल्यांचा विषय वाटला. माधवनगरातून क्षिप्रेकाठच्या वेधशाळेपर्यंत गेले, की तो आपल्या अंगणातला आहे हे ध्यानी येते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांनी करविला. तेथील शंकुयंत्र पुढे गोविंद सदाशिव आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले. गोल ओट्याच्या मध्यभागी शंकू, आणि त्याच्या छायेचे टोक दिवसभर जेथून सरकते त्या मार्गाच्या सात रेषा. विषुवदिनी हा मार्ग सरळ, एरवी वक्र. येथे सूर्य स्वतःच आलेख काढतो व स्वतःच दाखवितो.

शाळेत असताना एका २३ सप्टेंबरला आम्ही तेथे छाया मोजून आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. माझा एक बिंदू रेषेबाहेर गेला. मी तो खोडला, वहीतला आकडाही बदलला आणि रेषा सरळ केली. गुरुजींनी खोडलेल्या जागेवर बोट ठेवून विचारले, "हा बिंदू सूर्याचा की तुझा?" मला उत्तर देता आले नाही.

शिकागो येथे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेतांचा अभ्यास करताना जॉन हंटर यांना ते संकेत पडद्यावर पाहण्याचे साधन हवे होते. त्यातून पायथन भाषेसाठी 'मॅटप्लॉटलिब' हा आज्ञासंग्रह निर्माण झाला आणि २००३ साली सर्वांना विनामूल्य खुला झाला. हंटर २०१२ साली अकाली निवर्तले. संग्रह इतरांनी वाढविला. यात आलेख रचणे आणि तो दाखविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सारे बिंदू मांडून झाले, तरी साध्या आज्ञावलीत 'शो' म्हटल्यावाचून खिडकी उघडत नाही. नवशिका कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. मीही बसलो आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न रंगांचा होता. आकड्यांचे रंगचित्र काढताना हा संग्रह प्रारंभी इंद्रधनुष्यासारखी 'जेट' रंगमाला वापरी. तिच्यातील पिवळा पट्टा इतका उजळ, की आकडे संथपणे चढत असतानाही डोळ्याला मध्येच सीमारेषा भासे. म्हणून २०१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'विरिडिस' ही समप्रमाणात उजळत जाणारी रंगमाला मूळ ठरली. आकडे तेच, परंतु खोटी सीमा नाहीशी झाली. आज्ञा लिहिणाऱ्यांनी आपलाच दोष मान्य करून दुरुस्त केला, हे मला मोठे वाटते.

गेल्या वर्षी ती जुनी वही सापडली. तिच्यातील आकडे मी संगणकाला दिले. पडद्यावर अगदी सरळ रेषा उमटली. वहीतील खोडलेल्या जागी कागद पातळ झाला आहे. उजेडासमोर धरूनही मूळ आकडा वाचता येत नाही.