वाडीचा उन्हाळा

मुंबईहून विरारकडे जातांना मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क नांवाची वसाहत आहे. नांव विलायती, इमारती उंच. तेथील उन्हाळा बहुधा बंद खिडक्यांआड जातो. परंतु भोंवतालच्या मिरे, काशी, नवघर, राई, मुर्धे इत्यादि जुन्या गांवांत वैशाख हा घरच्या कारभाराच्या परीक्षेचा महिना असे. मृगापूर्वीं जें साधलें नाहीं, तें पुढें वर्षभर साधत नसे.

हा प्रदेश म्हणजे साष्टी बेटाचा उत्तर भाग. १५३४ च्या तहानें तो पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ सालीं मराठ्यांनीं जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतला. राज्यें बदललीं, तरी शेतकऱ्याचें मुख्य काम बदललें नाहीं: खाडीचें खारें पाणी बाहेर ठेवावयाचें आणि विहिरीचें गोडें पाणी पुरवून वापरावयाचें. आपल्या भाषेंत ‘आगर’ हा शब्द मिठाच्या वाफ्यांस लागतो, तसाच माडांच्या बागेसही लागतो. दोन्हीं पाणी किती शेजारीं नांदत होतीं, हें या एका शब्दावरून ध्यानीं येतें.

घरापुढें सारवलेलें अंगण, बाजूस गोठा, मागें परसू आणि परसांत विहीर, अशी वाडीची सामान्य मांडणी असे. बागायती वाडीच्या विहिरीवर रहाट असे. त्याच्या माळेस मातीचीं मडकीं बांधलेलीं असत. बैल किंवा रेडा गोल फिरूं लागला म्हणजे तीं भरून वर येत आणि पन्हाळींत रितीं होत. तेथून पाटानें पाणी केळी-माडांच्या आळ्यांत जाई. न्हाणीचें सांडपाणीसुद्धां अळूस व केळीस मिळे. चैत्रानंतर हिरवा चारा संपे. मग गुरांचा सारा भार भाताच्या पेंढ्यावर पडे. पेंढ्याची उडवी वेळेआधीं सरली, तर ऐन नांगरणीच्या वेळीं बैल अशक्त होत. म्हणून वडील माणसें ती पेंढी मोजून सोडीत. शेण, पालापाचोळा व गवत पसरून, त्यावर माती टाकून राब भाजीत. त्यानें तणाचें बीं जळे व राखेचें खत मिळून भाताची रोपें जोमानें वाढत.

स्त्रियांचें काम याहून हलकें नव्हतें. पापड, सांडगे, वर्षाची चिंच, मिरची, हें सर्व याच उन्हांत वाळे. ख्रिस्ती घरांतून मसाला कुटून बाटल्यांत भरीत. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत. भाईंदरच्या मिठागरांत त्याच उन्हानें मीठ पिके.

यांहून महत्त्वाचें काम खारबांधांचें. ओहोटी साधून चिखल-मातीनें बांध डागडुजावे लागत. पावसाळ्यांतील उधाणानें बांध फुटला, तर शेतांत खार शिरून पीक जाई आणि जमीन सुधारण्यास पुढें कांहीं वर्षें लागत. एकाच्या आळसाचें फळ साऱ्या शिवारास भोगावें लागे; म्हणून हें काम सामाईक असे. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला, त्याच्या मुळाशीं हीच गरज होती.

१८६७ सालीं विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली आणि वाडीचा माल शहरास जवळ आला. पुढें शहरच वाडीपाशीं आलें. १९८५ सालीं मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली व २००२ सालीं महानगरपालिका. गोठे गेले, बहुतेक रहाट थांबले. आतां नळाचें पाणी दूरच्या उल्हास नदीवरून येतें, आणि आपल्या परसांतील विहिरीची पातळी पाहण्याचें कोणास कारण उरलेलें नाहीं.

जुन्या वाडींत कष्ट पुष्कळ होते, गैरसोयी होत्या. तिचे गोडवे गावेत असें मी म्हणत नाहीं. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां सखल जमीन, खाजण आणि नाले हीं पाण्याचीं घरें आहेत, याची आठवण साऱ्या मुंबईस झाली. वाडीच्या मालकास तें शिकवावें लागत नसे. पाणी कोठून येणार, किती पुरणार आणि जास्त झालें तर कोठें जाणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें तो वैशाखांतच तयार ठेवी. उंच इमारतींत राहणाऱ्यांनींही पावसाळ्यापूर्वीं एकदां एकत्र बसून हे तीन प्रश्न आपणांस विचारावेत. वाडी नसली तरी पाणी तेंच आहे.