कॅलिफोर्नियाचा ठराव 13 : सवलत कुणाला, बिल कुणाला?

आजचा विषय घरपट्टीचा आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावात, निवडणूक आली की घरपट्टी माफीची घोषणा कानावर येतेच. ऐकायला बरं वाटतं. पण माफ झालेला पैसा पुढे कुठून येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. ते पाहण्यासाठी आज आपण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जाऊ. तिथे 1978 साली लोकांनी स्वतः मत देऊन घरपट्टीला कायमचा लगाम घातला, आणि त्याचे परिणाम ते राज्य आजही भोगतं आहे.

आधी लोक का चिडले ते समजून घेऊ. साठच्या दशकात तिथल्या काही करनिर्धारकांची लाचखोरी उघडकीस आली. त्यावर 1966 मध्ये कायदा झाला, की सर्व मालमत्तांचं मूल्यांकन बाजारभावाच्या 25 टक्के या एकाच प्रमाणात करायचं. हेतू स्वच्छ होता. पण तोवर अनेक ठिकाणी व्यापारी इमारतींवर जास्त आणि राहत्या घरांवर कमी आकारणी व्हायची. ती पडद्याआडची सवलत एका फटक्यात गेली. पुढे सत्तरच्या दशकात महागाई भडकली आणि घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या. किमतीबरोबर करही वाढला. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं घर कागदावर दुप्पट किमतीचं झालं, पण त्याच्या हातात पैसा तेवढाच. घर विकल्याशिवाय ती वाढलेली किंमत त्याच्या काय कामाची? त्यात राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरांची शिल्लक पडून होती. लोक विचारू लागले, तुमच्याकडे एवढं असताना आमच्या मानेवर सुरी का?

हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी हा संताप सह्यांच्या रूपाने गोळा केला. जार्विस पंचाहत्तरीच्या घरातले निवृत्त उद्योजक, आणि लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेशी संबंधित. हे लक्षात ठेवा. 6 जून 1978 रोजी मतदान झालं आणि जवळपास 65 टक्के मतांनी ठराव 13 मंजूर झाला.

ठरावात काय होतं? मालमत्ता कर मूल्याच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त नाही. त्याआधी सरासरी दर अडीच टक्क्यांच्या पुढे होता. मूल्य मागे नेऊन 1975-76 च्या पातळीवर आणायचं. त्यात दरवर्षी फार तर 2 टक्के वाढ. घर विकलं गेलं की नव्याने, बाजारभावाने आकारणी. आणि यापुढे राज्याला कर वाढवायचा असेल तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत हवं.

मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ठरावाला विरोध केला होता. निकालानंतर अंमलबजावणी त्यांनाच करावी लागली. राज्याने शिल्लक उपसली आणि पहिल्याच वर्षी चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम शाळा, परगणे आणि नगरपालिकांना दिली. त्यामुळे लोकांना वाटलं, बघा, काही बिघडलं नाही. लष्करात राखीव तुकडी पहिल्याच दिवशी आघाडीवर पाठवली, तर त्या दिवशी सगळं ठीकच दिसतं. प्रश्न दुसऱ्या हल्ल्याचा असतो.

तो हल्ला हळूहळू आला. शाळा आणि नगरपालिकांचा पैसा आता राजधानी सॅक्रामेंटोतून वाटला जाऊ लागला, म्हणजे निर्णयही तिथेच जाऊ लागले. राज्याची मदार आयकरावर वाढली. आयकर, त्यातही शेअर विक्रीच्या नफ्यावरचा कर, तेजीत फुगतो आणि मंदीत कोसळतो. घरपट्टी तशी नसते. ती कंटाळवाणी पण भरवशाची. 2009 च्या मंदीत राज्याची तूट 40 अब्ज डॉलरांच्या वर गेली आणि त्या उन्हाळ्यात सरकारला अनेकांची देणी रोखीऐवजी 'नंतर देऊ' अशा लेखी हमीपत्रांनी भागवावी लागली. तुटीचं कारण हा एकटा ठराव नव्हे, मंदी हे मुख्य कारण. पण स्थिर उत्पन्नाचा पाया आधीच अरुंद झालेला होता.

आता शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक पाहा. समजा 1975 मध्ये एका घराचं मूल्य 50 हजार डॉलर होतं. दरवर्षी 2 टक्के वाढ धरली तरी 45 वर्षांनी ते सव्वा लाखाच्या आत राहतं. 1 टक्क्याने कर सुमारे 1,200 डॉलर. शेजारचं तसंच घर कुणी 15 लाखांना घेतलं, तर त्याला 15 हजार. रस्ता तोच, कचरागाडी तीच, अग्निशमन दल तेच. अलीकडे सिलिकॉन व्हॅलीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1992 मध्ये न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी तो घटनेत बसतो असा निर्णय दिला.

भाडेकरूंचं काय झालं? कर कमी झाला की भाडंही उतरेल, असं प्रचारात सांगितलं गेलं. बहुतेक मालकांनी उतरवलं नाही. त्या रागातून 1979 मध्ये सान्ता मोनिका आणि सान फ्रान्सिस्को या शहरांत भाडेनियंत्रण आलं. आणि सवलत फक्त घरांना नव्हती; दुकानं, कार्यालयं, कारखाने यांनाही होती. कंपनीची जागा क्वचितच विकली जाते, त्यामुळे जुन्या मूल्याचा फायदा तिला पिढ्यान्‌पिढ्या मिळतो. मोठ्या व्यापारी मालमत्तांची सवलत काढण्याचा प्रस्ताव 2020 मध्ये मतदानाला आला, आणि थोडक्यात पडला. एकदा दिलेली सवलत परत घेणं किती अवघड, ते इथे दिसतं.

आपल्याकडे असं काही झालं का? झालं. मुंबईत करपात्र मूल्य भाड्यावर ठरायचं आणि भाडी भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली. शेजारी-शेजारी इमारती, पण कर जुन्या भाड्याप्रमाणे वेगळा. 2010 पासून भांडवली मूल्यावर आकारणी आली. 2017 मध्ये वस्तू व सेवा करामुळे जकात गेली, आणि तिची भरपाई राज्याकडून येऊ लागली. 2022 मध्ये मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घरातल्या माणसाला दिलासा मिळाला, हे चांगलंच. पण महापालिकेच्या स्वतःच्या हातातलं उत्पन्नाचं एकेक साधन कमी होत गेलं, हेही खरं.

म्हाताऱ्या माणसाचं घर करापायी जाऊ नये, यात दुमत नसावं. त्यासाठी मार्ग आहेत: उत्पन्न पाहून सवलत द्या, किंवा कर साठू द्या आणि घर विकलं जाईल तेव्हा वसूल करा. कॅलिफोर्नियाने गरज न पाहता खरेदीची तारीख पाहिली. म्हणून पेन्शनर वाचला, पण त्याच्याबरोबर बंगलेवाला आणि कंपनीही वाचली. आणि बिल गेलं त्यांच्याकडे, जे 1978 मध्ये मतदार नव्हते, शाळेत होते किंवा जन्मलेच नव्हते. पुढच्या वेळी माफीची घोषणा झाली की टाळी जरूर वाजवा, पण उमेदवाराला विचारा: ही भरपाई कोण करणार, आणि किती वर्षं?