ब्रिटिशांचं ‘अस्सल’ खाणं नेमकं कुणाचं?

आपल्या भागातली पोरं आता शिकायला थेट इंग्लंडला जायला लागलीत. जाण्याआधी मला हमखास विचारतात, “दादा, तिथलं अस्सल, पारंपरिक काय खाऊ?” माझं उत्तर ठरलेलं आहे : फिश अँड चिप्स, पण त्यामागचा इतिहास समजून घेऊन खा.

पिठात बुडवून तेलात तळलेला मासा इंग्लंडात आणला तो स्पेन-पोर्तुगालमधून छळामुळे परागंदा झालेल्या ज्यूंनी. गंमत बघा, याच इंग्लंडनं १२९० साली ज्यूंना देशाबाहेर हाकललं होतं. त्यांना परत उघडपणे राहू दिलं ते १६५६ नंतर! राहिला बटाटा, तर तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १८६० च्या आसपास हे दोन्ही एकत्र विकणारी दुकानं निघाली. पहिलं दुकान कुणाचं, यावर वाद आहे. लंडनवाले जोसेफ मालिन या ज्यू दुकानदाराचं नाव घेतात, तर लँकेशायरवाले मॉसलीच्या जॉन लीसचं. वाफेच्या बोटी आणि रेल्वेमुळे मासा स्वस्त झाला आणि हे गिरणी कामगारांचं पोटभरीचं खाणं बनलं. दुसऱ्या महायुद्धात साखर, लोणी, मटण सगळं रेशनवर गेलं, पण फिश अँड चिप्स नाही.

ब्रिटिश जेवण बेचव म्हणून जगभर चेष्टा होते, त्याचं एक कारण हे रेशनच. ते १९४० ला सुरू झालं आणि पार १९५४ पर्यंत चाललं. पाव तर युद्ध संपल्यावर, १९४६ ला रेशनवर आला. चौदा वर्षं मोजूनमापून रांधलं तर हात आखडणारच की!

सकाळच्या न्याहारीला ‘केजरी’ मिळाली तर सोडू नका. ती आपली खिचडीच. कंपनीच्या साहेबांनी नेली, डाळ काढली, धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी घातली. लंडनमध्ये भारतीय जेवणाचं हॉटेल पाटण्याच्या शेख दीन मोहम्मदनं १८१० मध्येच काढलं होतं. २००१ मध्ये तर परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्यालाच ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवा : काही दुकानांत, विशेषतः यॉर्कशायरकडे, चिप्स आजही गाईबैलाच्या चरबीत तळतात. आधी विचारा, मग खा.

हे सगळं आज लिहितोय, कारण ‘बाहेरचे आले, आमची संस्कृती बुडाली’ अशी ओरड तिकडेही आहे आणि इकडेही. ओरडणाऱ्यांच्या ताटात काय आहे ते बघा. आपल्या उपवासाच्या साबुदाणा खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. तरी एकादशीला ते चालतं ना? मग माणसांच्या बाबतीतच एवढं सोवळं कशाला?