लॅटिन नावे, मराठी जीभ

बीदर जिल्ह्यात हुमनाबादच्या बाजूला निर्णा हे गाव आहे. या पट्ट्यात बांधावरच्या एकाच झाडाला तीन-चार भाषांत हाक मारली जाते. मराठीत चिंच, कन्नडात हुणसे, दखनीत इमली. त्याने कुणाचे काही अडत नाही. अडते ते निंबापाशी. मराठी माणूस निंब म्हणतो तेव्हा त्याला कडुनिंब हवा असतो. कन्नडात ‘निंबे’ म्हणजे लिंबू. पाला कशाचा वाटायचा हे ठरवताना हा फरक किरकोळ नाही. शास्त्रीय नावाची खरी गरज अशा सीमेवरच पटते.

तरी विद्यार्थी या नावांना बिचकतो, कारण ती त्याच्यापर्यंत इंग्रजीच्या वाटेने येतात. माझे म्हणणे असे की मराठी माणसाला ही वाट मुळात लांबची आहे. लॅटिनमध्ये तीन लिंगे, मराठीतही तीन. ‘सॅटिव्हस’ म्हणजे लागवडीचा, पेरलेला. मुळा राफानस सॅटिव्हस, साळ ओरायझा सॅटिव्हा, कोथिंबीर कोरियँड्रम सॅटिव्हम. पेरलेला, पेरलेली, पेरलेले : विशेषण नामामागे कसे वळते हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीवाल्याला तेवढे पाठ करावे लागते. एक खोच मात्र आहे. रोमन लोक बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत, म्हणून पिंपळ फायकस असूनही रिलिजिओसा, रिलिजिओसस नव्हे. चिंचही टॅमॅरिंडस इंडिका. तिच्या बाबतीत रोमन आणि मराठी लिंग जुळते, हा योगायोग.

नावांना लॅटिन म्हणायचे, पण त्यांतला माल गावोगावचा असतो. चिंचेचे नाव अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. त्याला पुन्हा ‘इंडिका’ जोडले, म्हणजे एकाच नावात हिंदुस्थान दोनदा आला. आणि झाड मूळचे आफ्रिकेचे! कडुनिंब अझादिराख्ता इंडिका. वर्गात त्याचे ‘अ‍ॅझॅडिरॅक्टा’ होते आणि शब्द तोंडात अडकतो. तो फोडून पाहा : आझाद दरख्त. फारसी नाव आहे, आधी ते बकाण निंबाचे होते. ज्या बीदरात महमूद गावानने १४७२ मध्ये मदरसा बांधून फारसी विद्येची पेठ मांडली, तिथल्या दखनी बोलणाऱ्या पोराला यातला ‘दरख्त’ ओळखीचा वाटायला हरकत नाही.

शुद्ध उच्चार कोणता, हा वाद मी वाढवणार नाही. कंदीलपुष्पाला सेरोपेजिया म्हणा की केरोपेगिया. पहिला इंग्रजी रिवाज, दुसरा जुन्या रोमनांचा. विल्यम स्टर्न यांनी ‘बोटॅनिकल लॅटिन’ (१९६६) या ग्रंथात, कानाला बरे वाटावे आणि समोरच्याला कळावे, एवढ्यावर भागवले आहे. स्पेलिंगला ही सवलत नाही. मी दोन गोष्टींचा आग्रह मात्र धरतो. शेवटचा स्वर गिळू नये : कोरफड ‘अ‍ॅलो’ नव्हे, अ-लो-ए. आणि माणसावरून नाव ठेवले असेल तर त्या माणसाचा उच्चार शक्यतो राखावा. जुन्नर भागातल्या शिंदळ माकुडीला वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. ती फ्रिअरिया, फ्रेरिया नव्हे. पुढे प्रजातीच बदलली आणि आता ती बूसेरोशिया फ्रिअरी आहे. साहेब पहिल्या शब्दातून निघाले ते दुसऱ्यात जाऊन बसले.

अर्थ कळला की झाड बघायची नजर बदलते. माळावरचा तरवड घ्या, सेन्ना ऑरिक्युलाटा. ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गोलसर उपपर्णे असतात, कानाच्या पाळीसारखी. पिवळ्या फुलांकडे सगळेच पाहतात. नाव ठेवणाऱ्याने देठाचे बूड पाहिले होते.

इथल्या वाचकाची एक अडचण खरी आहे. बीदर निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरच्या थिओडोर कूक यांच्या ग्रंथात (१९०१–१९०८) हा मुलूख नाही. शेजारच्या मराठवाड्यावरचा व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ (१९९८) जवळचा. पण ग्रंथ उघडण्याआधी शेतात जावे आणि तुरीपासून सुरुवात करावी. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे शास्त्रीय नाव कजानस कजान. कडधान्याला मलय भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे आले. लिनियसने १७५३ मध्ये तिला सायटिसस कजान म्हटले होते. नंतर पहिला शब्द बदलून कजानस झाला. प्राण्यांत दोन्ही शब्द हुबेहूब एक असलेले चालतात, जसे गोरिला गोरिला. वनस्पतींच्या नियमसंहितेत चालत नाहीत. तूर त्यातून वाचली ती ‘अस’ (-us) एवढ्या शेपटामुळे.