पत्रीतलं विष

हमरापूरच्या कारखान्यांत गणपती वर्षभर घडतो, पण चतुर्थीला त्याला वाहायची एकवीस पत्री बांधावरून, कुंपणावरून, माळावरूनच खुडून आणावी लागते. या पत्रीत वांग्याच्या कुळातल्या दोन रानवनस्पती आहेत : डोरली आणि धोतरा. धोतऱ्याच्या बियांतलं अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामाइन तोंड कोरडं पाडतं, बाहुल्या विस्फारतं, माणसाला बरळायला लावतं. प्रमाण वाढलं तर जीवही घेतं. असलं झाड पूजेत आलं कसं? अलीकडे याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं : पत्री म्हणजे पूर्वजांनी धर्माच्या निमित्ताने जपलेली औषधपेटी. ते मला पटत नाही. औषधपेटीच भरायची तर हिरडा, आवळा, गुळवेल कोण वगळेल, आणि हिमालयातला देवदार कोकणातल्या माणसाला कोण शोधायला लावेल? शिवाय रुई, कण्हेर आणि धोतरा या तिघांना आयुर्वेदाच्याच ग्रंथांनी उपविषांत बसवलं आहे. शोधन केलं की उपविषाचंही औषध होतं आणि डोरली तर दशमुळांत आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण शोधन वैद्याच्या घरी होतं, चौरंगावर होत नाही. धोतरा, बेल, रुई ही शंकराची झाडं. बापाला प्रिय ते मुलालाही वाहिलं गेलं, हे मला जास्त सरळ वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. धोतऱ्याचं मूळ अमेरिकेत, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मग तो पोर्तुगीजांबरोबर येऊन पत्रीत मागाहून शिरला असेल का? तसं दिसत नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर धोतरा सांगितला आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात तर जेवणात धोतरा कालवून माणसाला गुंगवायचं आणि लुटायचं, या चोरीची हकिगत आहे. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला १५१० साली. नवं झाड ५३ वर्षांत चोरांच्या इतकं हातचं व्हावं, हे अवघड आहे. (समुद्रापलीकडून ते त्याआधी आलं कसं, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा.) म्हणजे विष ठाऊक असलेल्या लोकांनीच ते देवाला वाहिलं. तेव्हा ‘पत्री औषधी असते’ या भरवशावर कुणी तिचा काढा करू नये. धोतऱ्याची काटेरी बोंडं मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि निर्माल्य गुरांपुढे टाकू नये.