जेवताना मोबाइल लागणारे मूल

‘मोबाइल लावल्याशिवाय घासच घेत नाही,’ ही तक्रार घेऊन अनेक पालक येतात. बहुतेकदा ही सवय पहिल्या वाढदिवसानंतर लागते, आणि त्याला कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते साधारण दोन-अडीच किलोच वाढते. साहजिकच भूक कमी होते. घरचे घाबरतात, आणि वाटी संपवण्यासाठी हातात मोबाइल येतो.

वाटी संपते हे खरे. पण पडद्यात गुंतलेल्या मुलाला भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्ही नीट कळत नाहीत. काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात, काही घास गालात धरून तासभर बसतात. वरणभाताचा वास, भाकरीचा कडकपणा, चावण्याची सवय हे सगळे मागे पडते. लक्ष दुसरीकडे असताना घास श्वासनलिकेत अडकण्याचीही भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन दाखवू नये; २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

सवय मोडताना आधी भूक लागू द्या. जेवणाआधी दोन-अडीच तास बिस्किट, दूध, रस काही नको; पाणी चालेल. वर्षानंतर दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध दिल्यास भूक मरते आणि लोह कमी पडते. मुलाला घरच्यांबरोबर ताटावर बसवा, स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, सांडू द्या. अर्ध्या तासाने ताट उचला. मागे धावू नका. मोठ्यांचे फोनही बाजूला हवेत, आणि आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर दुसऱ्या खोलीत कार्टून सुरू होईल.

पहिले काही दिवस मूल रडेल, कमी खाईल. निरोगी मुलाला त्याने सहसा अपाय होत नाही. मात्र वजन वाढत नसेल, फक्त पातळच गिळत असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल किंवा हाक मारल्यावर पाहत नसेल, तर मोबाइलला दोष देत थांबू नका. वाढीचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा.