साठी आणि बुद्धि: विसराळूपणाच्या संशोधनाचा इतिहास

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. प्रस्तुत वक्त्यानें साठी ओलांडलेली असल्यामुळें ती कानीं पडली कीं त्याच्या मनांत थोडी धास्ती उत्पन्न होते, हें सांगावयास हरकत नाहीं. घरांतील वृद्ध मनुष्य चष्मा कोठें ठेवला हें विसरला कीं मुलें हसतात, मोठीं माणसें एकमेकांकडे पाहतात, आणि तो बिचारा स्वतःच मनांत म्हणतो, ‘आतां आपलें संपलें!’ परंतु ही म्हण दोन अगदीं निराळ्या गोष्टी एकाच गांठोड्यांत बांधते. वयोमानानें येणारा साधा विसराळूपणा ही एक, आणि मेंदूचा रोग ही दुसरी. या दोहोंच्या मध्यें एक तिसरी अवस्था आहे, हें शास्त्राला नीट कळावयास जवळजवळ सगळें विसावें शतक लागलें. त्या शोधाची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

तिचा आरंभ जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. १९०१ सालीं तेथील मनोरुग्णालयांत ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. आलोइस अल्झायमर या डॉक्टरानें तिला साधे साधे प्रश्न विचारले व तिचीं उत्तरें जशींच्या तशीं टिपून ठेवलीं. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें असतां तें तिच्या हातून पुरें होईना. १९०६ सालीं ती मरण पावल्यावर अल्झायमरनें तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिले. पेशींच्या बाहेर एका विचित्र द्रव्याचे साठे, आणि पेशींच्या आंत सूक्ष्म तंतूंचे गुंते त्याला आढळले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्युबिंगेन येथील सभेंत त्यानें हें सर्व सांगितलें. परंतु जमलेल्या विद्वानांपैकीं एकानेंही प्रश्न विचारला नाहीं! १९१० सालीं एमिल क्रेपेलीन यानें आपल्या ग्रंथांत या रोगाला अल्झायमरचें नांव दिलें. तरीही हा रोग ऐन वयांत गांठणारा एक दुर्मिळ विकार होय, आणि म्हाताऱ्यांचें विसरणें तें केवळ वार्धक्य, अशीच समजूत पुढें अर्धें शतक कायम राहिली.

या कथेचा दुसरा धागा अगदीं निराळ्या ठिकाणीं, बेडकाच्या हृदयापाशीं, सुरू होतो. एका मज्जातंतूचा संदेश पुढें कसा पोंचतो, विजेच्या ठिणगीनें कीं एखाद्या रसायनानें, असा त्या काळीं मोठा वाद होता. ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथील प्राध्यापक ऑटो लोवी याला एका रात्रीं स्वप्नांत या प्रश्नाचा निकाल लावणारा प्रयोग सुचला. अर्धवट झोपेंत त्यानें तो कागदावर टिपला. पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्याला लागेना आणि स्वप्नही आठवेना. सुदैवानें दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडलें, आणि या खेपेस तो तडक उठून प्रयोगशाळेंत गेला. एका बेडकाच्या हृदयाकडे जाणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु त्यानें चेतविला. त्याबरोबर हृदयाचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोंवतींचा द्रव त्यानें दुसऱ्या हृदयास लावला, तों तेंही मंदावलें! संदेश रसायनानेंच जातो हें यावरून ठरलें. हा प्रयोग १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या रसायनाचे गुणधर्म इंग्लंडांत हेन्री डेल यानें १९१४ सालींच वर्णिले होते, तेंच हें ॲसेटिलकोलीन. १९३६ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळालें. लोवीचें वय त्या स्वप्नाच्या वेळीं पन्नाशीच्या आंत होतें व बुद्धि ऐन भरांत होती. तरी आयुष्यांतील सर्वांत मोठा विचार तो एका रात्रींत विसरला. नुसतें विसरणें म्हणजे रोग नव्हे, याला याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

पुढें हें द्रव्य मेंदूंतही संदेश वाहतें असें दिसून आलें, आणि दोन्ही धागे हळूहळू जवळ येऊं लागले. १९६२ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथील व्ही. ए. क्राल यानें वृद्धांच्या विसराळूपणाचे निरुपद्रवी व घातक असे दोन प्रकार केले. त्याचा भेद आपल्या घरच्या उदाहरणानें सांगतों. नातवाच्या मुंजीस कोण कोण आलें होतें, त्यांतलें एखादें नांव आठवूं नये आणि दुसऱ्या दिवशीं तें आपोआप आठवावें, हा पहिला प्रकार. नातवाची मुंज झाली हेंच विसरावें, हा दुसरा. तपशील निसटणें निराळें आणि प्रसंगच पुसला जाणें निराळें. ही रेषा वाटली तितकी स्वच्छ नाहीं, असें पुढें दिसून आलें. तरी ‘किती विसरला?’ याबरोबरच ‘काय विसरला?’ असें विचारावयास या डॉक्टरानें शिकविलें.

१९७४ सालीं अमेरिकेंत ड्रॅकमन व लेव्हिट यांनीं धडधाकट तरुणांना स्कोपोलामीन नांवाचें औषध दिलें. आपल्या धोतऱ्यांत जें विष असतें त्यांतलाच हा एक अंश; तो ॲसेटिलकोलीनचें कार्य अडवितो. त्या तरुणांना ऐकलेले आंकडे तेथल्या तेथें म्हणून दाखवितां येत. परंतु नवी गोष्ट लक्षांत ठेवणें त्यांना कठीण जाऊं लागलें, जसें तें वृद्धांना जातें. दोनच वर्षांनीं, १९७६-७७ च्या सुमारास, एडिंबरो, लंडन व न्यूकॅसल येथील तीन मंडळ्यांनीं अल्झायमरच्या रोगानें मेलेल्यांचे मेंदू तपासले. ॲसेटिलकोलीन मृत्यूनंतर टिकत नाहीं. म्हणून तें बनविणारें जें एन्झाइम, त्याचें प्रमाण त्यांनीं मोजलें. तें फारच घटलेलें होतें. १९८२ सालीं बाल्टिमोर येथील संशोधकांनीं, हें द्रव्य मेंदूच्या पृष्ठभागास पुरविणारा पेशींचा एक लहानसा पुंजका या रोगांत झिजून जातो, असें दाखविलें. मग तर्क सरळ होता: द्रव्य घटलें म्हणून स्मृति गेली, तें वाढविलें कीं स्मृति परत येईल. त्या द्रव्याचा नाश लांबविणारीं औषधें निघालीं. अमेरिकेंत १९९३ सालीं टॅक्रीनला व १९९६ सालीं डोनेपेझिलला परवानगी मिळाली. त्यांनीं कांहीं रोग्यांस थोडा आधार मिळाला. रोग मात्र थांबला नाहीं.

तेव्हां साहजिकच असें वाटलें कीं, औषध उशिरां पोंचत असावें. आरंभींच दिलें तर? पण आरंभ ओळखावा कसा? १९८८ सालीं न्यूयॉर्क येथील राइसबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ हा शब्दप्रयोग वापरला. आपण त्याला स्मृति व आकलन यांची सौम्य क्षीणता म्हणूं. १९९९ सालीं अमेरिकेंतीलच मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यानें तिचीं लक्षणें बांधून दिलीं: स्मृतीबद्दल तक्रार असावी व शक्यतों घरच्या माणसानें तिला दुजोरा द्यावा, चांचणींत त्या वयाच्या मानानें स्मृति खरोखर कमी भरावी, परंतु एकंदर विचारशक्ति शाबूत असावी आणि बाजारहाट, हिशेब, येणेंजाणें हे नित्याचे व्यवहार चालूं असावेत. त्याच्या पाहणींत अशा लोकांपैकीं दरसाल शंभरांत सुमारे बारांना अल्झायमरचा रोग जडला. निरोगी वृद्धांत हें प्रमाण शंभरांत एक-दोन होतें.

येथें इतिहासानें एक अनपेक्षित वळण घेतलें. १९९४ पासून शिकागोच्या संशोधकांनीं कॅथॉलिक जोगिणी व धर्मगुरु यांची एक दीर्घ पाहणी चालविली होती. दरवर्षीं आपल्या बुद्धीची परीक्षा द्यावयाची व मृत्यूनंतर मेंदू शास्त्रास अर्पण करावयाचा, असें वचन या मंडळींनीं दिलेलें होतें. २००२ सालीं डेकॉस्की व सहकाऱ्यांनीं त्यांतील मेंदू तपासले. सौम्य क्षीणता असलेल्यांच्या मेंदूंत तें एन्झाइम घटलेलें असेल अशी अपेक्षा होती. नव्या आठवणी जेथें रुजतात त्या हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागांत तें उलट वाढलेलें निघालें! इतर तंतु झडूं लागले असतां उरलेले तंतु त्यांची जागा भरून काढावयास धडपडतात, असा संशोधकांनीं त्याचा अर्थ लावला. म्हणजे या मधल्या अवस्थेंतला मेंदू हा मुकाट्यानें शरण गेलेला मेंदू नव्हे. तो झुंजणारा मेंदू आहे.

अशा मेंदूला बाहेरून तेंच द्रव्य वाढवून देण्याचा उपयोग किती, हें पुढें कळून आलें. २००५ सालीं ७६९ लोकांवरील तीन वर्षांच्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. डोनेपेझिल घेणाऱ्यांत पहिल्या वर्षीं रोगाकडे झुकणारे लोक कमी होते. तीन वर्षांच्या अखेरीस मात्र औषध घेणारे व न घेणारे सारखेच ठरले. जीवनसत्त्व ‘ई’चाही उपयोग झाला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेनें लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता दिली. त्याचा रोख ॲसेटिलकोलीनवर नसून, अल्झायमरनें पाहिलेल्या त्या साठ्यांवर आहे. तें रोगाची गति कांहींशी मंद करतें. परंतु मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळें तें फार जपून द्यावें लागतें.

तर मग शंभर वर्षांच्या या खटाटोपांतून आपल्या घरीं काय यावें? पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेनें २०१८ सालीं अनेक पाहण्यांचा मेळ घालून जो अंदाज दिला, त्याप्रमाणें ६० ते ६४ या वयांत सौम्य क्षीणता शंभरांत सुमारे सातांना असते. ८० ते ८४ या वयांत सुमारे पंचविसांना. म्हणजे साठीला शंभरांतील त्र्याण्णवांची बुद्धि नाठी होत नाहीं! शिवाय ज्यांना ही क्षीणता आहे त्यांतील कांहीं जण वर्षानुवर्षें तेथेंच राहतात, आणि कांहीं पुन्हां पूर्ववत् होतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, स्मृति ही एकच एक वस्तु नाहीं. लहानपणीं परवच्यांत घोकलेली पावकी-निमकी बिनचूक म्हणणारा आजोबा काल कोण भेटावयास आलें होतें हें सांगूं शकत नाहीं, यांत विसंगति मुळींच नाहीं. जुनें टिकणें व नवें रुजणें हीं मेंदूचीं निरनिराळीं कामें आहेत. म्हणून ‘त्यांना सगळें आठवतें, सोंग करतात’ हें बोलणें जितकें अन्यायाचें, तितकेंच ‘त्यांना आतां कांहींच कळत नाहीं’ हेंही अन्यायाचें होय.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. प्रसंगच्या प्रसंग पुसले जाऊं लागले, तर लाज न धरतां डॉक्टरांकडे जावें. थायरॉइड ग्रंथीची मंदता, जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, मनाचा उदासपणा यांनींही स्मृति झांकोळते, आणि यांवर उपाय आहेत. ॲलर्जीवरचीं कांहीं जुनीं औषधें, लघवीच्या तक्रारीवरचीं कांहीं औषधें धोतऱ्यासारखींच ॲसेटिलकोलीनच्या आड येतात. म्हणून घरांत घेतल्या जाणाऱ्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी, परंतु डॉक्टरांना विचारल्यावांचून कोणतेंही औषध बंद करूं नये. वर सांगितलेल्या संस्थेनें आठवड्यांतून दोनदां नियमित व्यायाम सुचविला आहे. रक्तदाब आटोक्यांत असावा, कान मंद झाले असतील तर श्रवणयंत्र घ्यावें, आणि माणसांत मिसळावें.

शाळेंत अनेक वर्षें मुलांना शिकवितांना एक गोष्ट ध्यानांत आली: ज्या मुलास ‘तुला येणार नाहीं’ असें रोज सांगितलें जातें, तें येत असलेलेंही बोलेनासें होतें. वृद्धांचेंही तसेंच आहे. घरोघरीं ही म्हण ज्यांच्या तोंडावर फेंकली जाते, ते बोलणें सोडतात, हिशेब सोडतात, बाहेर जाणें सोडतात. आणि झुंजणाऱ्या मेंदूच्या हातचें उरलेंसुरलें कामही आपणच काढून घेतों. तेव्हां श्रोतेहो, पुढल्या खेपेस घरांतील एखादें वडीलधारें माणूस कांहीं विसरलें, तर म्हण उच्चारण्यापूर्वीं काय विसरलें तें नीट पाहा. चष्मा असेल तर शोधून द्या. प्रसंग असेल तर त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे जा. आणि हिशेबाची वही मात्र, जोंपर्यंत ती त्यांना लिहितां येत आहे तोंपर्यंत, त्यांच्याच हातीं राहूं द्या.